आत कोण आहे? (खोकून सांगा)

आमच्या खानदानात एकही मोठा निर्णय हॉलमध्ये बसून झालेला नाहीये, सगळे बाथरूमच्या दारातून झालेत. एक जण आत, बाकीचे बाहेर, मध्ये फुगलेलं प्लायवूडचं दार. ताईला इस्रायलमधल्या अश्दोदचं स्थळ आलं तेव्हा पप्पा आत अंघोळ करत होते, आई बाहेरून ओरडली की फोनवर लोक थांबलेत, मुलगा बंदरात नोकरीला आहे, हो म्हणू का? पप्पा आतून म्हणाले आधी गीझर बंद कर. आईने गीझर बंद केला आणि हो सांगून टाकलं. ताई आज वीसेक वर्षं इस्रायलमध्ये आहे.

आम्ही बेने इस्रायली. म्हणजे मराठी ज्यू, कोकणातले, नवगावला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली अशी आमची कथा, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि शेमा ही प्रार्थना, एवढं पूर्वजांनी शेकडो वर्षं धरून ठेवलं. तालमूद नावाचा धर्मचर्चेचा महासागर मात्र आमच्या किनाऱ्याला फार उशिरा लागला, त्यामुळे संडासात बोलायचं नसतं हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगितलं माझ्या भाच्याने.

हा भाचा लहानपणी ठाण्याला यायचा तेव्हा आत बसून मला क्रिकेटचा स्कोअर विचारायचा. मोठा झाला, येशिवात, म्हणजे धर्माच्या पाठशाळेत गेला, धार्मिक झाला. चांगलंय, माझी काही तक्रार नाही. पण ताईच्या घरात संडास एक. इस्रायलमधल्या पुष्कळ फ्लॅटसारखं बाथरूम वेगळं आणि संडास वेगळा, उभ्या कपाटाएवढा. आणि त्यात गेलेला माणूस बोलत नाही.

आई आणि मी हनुक्काच्या, म्हणजे आमच्या दिव्यांच्या सणाच्या दिवसांत गेलो होतो. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागला की दिव्याची बटणं दाबायची नाहीत, म्हणून संडासातला दिवा आधीच लावून ठेवलेला, तो शनिवारी रात्रीपर्यंत चालू. दार कायम लोटलेलं, वासाबिसाचं म्हणून ताईचाच नियम. म्हणजे दिवा बघून कळणार नाही, दार बघून कळणार नाही, आणि हाक मारली तर आतून उत्तर येणार नाही. शिवाय आम्ही घरचे सभ्य लोक, हँडल फिरवून बघणं वाईट दिसतं. त्या रात्री जेवणात चिकन, वर ताईचं हुम्मुस, वर विमानातलं कायकाय अजून पोटात. मी दारात जाऊन उभा राहिलो. मागे भावजी येऊन उभे राहिले, त्यांच्या मागे आई, हातात जपमाळ तेवढी नव्हती. बराच वेळ आम्ही तिघं गुपचूप उभे. शेवटी भाचा आला. किचनमधून. आणि विचारतो काय की तुम्ही सगळे इथे का उभे आहात, आत तर कुणीच नाहीये.

रविवारी जेवायच्या टेबलावर मी विषय काढला. आई म्हणाली जेवताना हे काय रे, तर भाचा म्हणतो आजी, हे तोरा आहे, म्हणजे धर्माची शिकवण. आणि मग जे सुरू झालं ते डाळिंबाचे दाणे संपेपर्यंत चाललं. तालमूदातल्या बेराखोत नावाच्या प्रकरणात म्हणे सरळ लिहिलंय की संडासाची रीत दोनच गोष्टींची, लाज आणि मौन. तिथे जो मर्यादेने वागतो त्याला साप, विंचू आणि भुतं ह्या तिघांपासून अभय. सोळाव्या शतकात योसेफ कारोंनी शुल्खान आरूख हा नियमांचा ग्रंथ लिहिला, 1565 साली व्हेनिसमध्ये छापला, त्याच्या अगदी सुरुवातीलाच हा विषय, आणि क्राकोवच्या मोशे इस्सर्लेस ह्यांनी त्यावर टीप जोडली की दोघांनी मिळून जाऊ नये, आत बोलू नये, दार लावून घ्यावं. पुढे हेही सांगितलंय की दार लागत नसेल आणि कुणी येत असेल तर बोलू नये, खाकरावं.

खाकरावं! हे ऐकून आई एकदम सरसावून बसली. कारण पप्पांचं लहानपण उमरखाडीतल्या चाळीतलं, मजल्याला कॉमन संडास, कडी मोडलेली, हातात टमरेल. बाहेर पावलं वाजली की आतला खाकरणार, आणि ज्याने खाकरायला उशीर केला त्याची इज्जत गेली. आई म्हणाली हे तर तुझे आजोबा जन्मभर करायचे, आणि आम्ही त्यांना सिगरेटचा खोकला समजायचो.

मला गंमत ही वाटली की ज्या लोकांनी तिथे गप्प बसायचा नियम केला ते त्या जागेबद्दल बाहेर येऊन किती बोललेत! रब्बी (म्हणजे धर्मगुरू) अकिवा एकदा आपल्या गुरूंच्या मागोमाग संडासात शिरले आणि तीन गोष्टी शिकून आले: पूर्व-पश्चिम बसू नये, उत्तर-दक्षिण बसावं (वास्तुवाल्यांनो, बघा), उभ्याने कपडे सोडू नयेत, आणि डावा हात वापरावा. मग बेन अझ्झाई ह्या अकिवांच्या मागोमाग शिरले. रब्बी यहूदा म्हणाले अरे गुरूची काही लाज? तर उत्तर तेच, हे तोरा आहे, मला शिकायलाच हवं. आमच्या घरात संडासाच्या दाराशी जाऊन काही विचारलं की पप्पा म्हणायचे दोन मिनिटं सुखाने बसू द्या, तेव्हा हे उत्तर आम्हाला माहीत असायला हवं होतं.

बाबिलोनमधले अब्बाये म्हणून मोठे पंडित होते, ते लहान असताना त्यांना तिथे एकटं वाटू नये, भुतांनी त्रास देऊ नये म्हणून त्यांना सांभाळणाऱ्या आईने एक कोकरू पाळलं होतं, सोबतीला आत न्यायला. करडू नको, कोकरूच, कारण भूत बोकडाच्या रूपात येतं, गोंधळ व्हायचा. रावा नावाच्या दुसऱ्या पंडितांची बायको बाहेर उभी राहून पितळेच्या भांड्यात अक्रोड खुळखुळवायची. विचार करा, नवरा आत, आणि बायको बाहेर भांडं वाजवत उभी. मी ताईकडे बघितलं, ताई भावजींकडे बघत होती, भावजी ताटात बघत होते.

शालोम हा शब्दही स्नानगृहात उच्चारायचा नाही कारण ते देवाचं नाव. आता आमच्याकडे दर दोन घरांमागे एक शालोमकाका, हाक कशी मारायची? आणि आत असताना मनातसुद्धा धर्माचा विचार आणायचा नाही, त्यावर पुढच्या ग्रंथांनी तोड काढली की त्याऐवजी धंद्याचे हिशेब मनात करावेत. पप्पा सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब आतच करायचे. धर्माने बघितलं तर आम्ही इतके काही वाईट नव्हतो.

बाहेर आल्यावर मात्र तोंड उघडायचं. ताईच्या संडासाबाहेरच्या भिंतीवर फ्रेम लावलीये, अशेर यात्झार नावाची ब्राखा, म्हणजे देवाचे आभार मानणारी छोटी प्रार्थना, दोन कानांच्या तांब्याने हात धुऊन ती म्हणायची. हीसुद्धा त्याच कोकरूवाल्या अब्बायेंच्या नावावर आहे. भाच्याने आईला मराठीत सांगितली: देवा, तू माणूस शहाणपणाने घडवलास, त्याच्यात छिद्रं आणि पोकळ्या केल्यास, त्यातलं एक जरी फुटलं किंवा एक जरी तुंबलं तरी तुझ्यापुढे उभं राहता येणार नाही. आई रोज रात्री इसबगोल घेणारी बाई. तिचे डोळे भरून आले. म्हणाली इतकी खरी प्रार्थना मी आयुष्यात ऐकली नाही, मला मोठ्या अक्षरात लिहून दे.

पण आई ती आईच. ब्राखा लिहून घेता घेता तिने विचारलं की हे सगळं पुरुषांचंच चाललंय, बायकांचं काय लिहिलंय? भाचा थोडा घुटमळला. मग म्हणाला, एक आहे पण. त्सिप्पोरी गावचे रब्बी योसे, त्यांनी नियम केला होता की बायकांनी संडासात एकमेकींशी बोलत राहावं. कारण तेव्हा संडास गावाबाहेर, आवाज ऐकू आला की परका पुरुष चुकून आत शिरणार नाही. लगेच घाईघाईने म्हणाला की आजी, ते तेव्हाचं होतं, आता घरात कडी आहे, गरज नाही.

आईने ते शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. त्या दिवसापासून ती आणि ताई दारातून बिनधास्त बोलायला लागल्या, भाजीत मीठ किती, ठाण्याच्या फ्लॅटची चावी कुणाकडे, अमक्याच्या सुनेचं काय झालं, सगळं. मध्येच भाचा दिसला की आई ठणकावून सांगायची, रब्बी योसे! मी तोच फायदा घ्यायला गेलो तर आई म्हणाली तू पुरुष आहेस, तू खाकर.

मग खाकरण्याची सिस्टिम बसवली. हीसुद्धा आईनेच, भाच्याला विचारून, म्हणजे विचारल्यासारखं करून. प्रश्न बाहेरच्याने असा विचारायचा की उत्तर हो किंवा नाही. एक खाकरा म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, लांब ओढलेला म्हणजे टिश्यू संपलेत (शब्बाथला टिश्यू फाडायचे नाहीत, आधीच सुटे करून डब्यात ठेवतात, आणि तो डबा शनिवारी दुपारीच कसा संपतो हे कोडं आहे). सांगायला लाज वाटते पण मस्त चाललं होतं. चहा टाकू का, एक खाकरा. फिश करी गरम करू का, एक खाकरा. तुझ्या बायकोचा फोन आलाय, आत आणून देऊ का, दोन खाकरे, जोरात.

पण डिसेंबरचा महिना, समुद्रावरचा गार वारा, भावजींना सर्दी झाली. सकाळी ते आत गेले आणि आईने नेहमीसारखं बाहेरून विचारलं, चहा टाकू का? आतून खोकल्याची जी उबळ आली ती थांबेचना. आई बाहेर बोटांवर मोजत उभी, हो, नाही, हो, नाही, टिश्यू, हो. भाचा बाहेरून ओरडला अब्बा, सवलानूत, धीर धरा, हळू! ताई म्हणाली आई तू आता काही विचारू नकोस. आईने विचारलं, मग मी समजू काय? शेवटी भावजी आतून, नाक पूर्ण बंद, शुद्ध मराठीत ओरडले की अहो मला नुसता खोकला आहे, चहा नको, काढा करा!

भाचा काही बोलला नाही. पातेलं काढून आलं किसायला बसला.