दोन वर्षांचा सिनेमा आणि आठ वर्षांची शाळा

मॅडम, तुमची प्रतिक्रिया आली तेव्हा मी लोकलमध्ये लटकत होतो. वाचली आणि खरं सांगायचं तर आधी डोकंच फिरलं, म्हटलं इतकं मनापासून लिहिलं त्याचा असा कीस काढायचा? मग घरी येऊन जेवून परत वाचली आणि उत्तर लिहायला बसलो, ते इतकं लांबलं की कॉमेंटच्या चौकटीत मावेना, म्हणून वेगळं टाकतोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: मी 'स्टँड अँड डिलिव्हर' या १९८८ च्या सिनेमावर लिहिलं होतं. ईस्ट लॉस एंजलिसमधलं गारफिल्ड हायस्कूल, बहुतेक पोरं मेक्सिकन वंशाची, गरीब घरातली, आणि त्यांना कॅल्क्युलस शिकवणारे मूळचे बोलिव्हियाचे हायमे एस्कालान्ते सर, हा माणूस खराखुरा, एडवर्ड जेम्स ओल्मोसने उभा केलेला. पोस्टच्या शेवटी मी 'एका शिक्षकाने मनावर घेतलं की शाळा बदलते' असं ठोकून दिलं होतं. त्यावर मॅडमनी, ज्या स्वतः जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवतात, लिहिलं की असले सिनेमे बघून लोक, अगदी सरपंचसुद्धा, आम्हाला येऊन विचारतात तुम्ही का नाही करत असं, आणि आम्ही इकडे चार वर्ग दोघांत वाटून, वर पोषण आहाराचा हिशोब, बीएलओची (मतदार यादीची) ड्युटी, रोजची ऑनलाइन माहिती भरतोय. पुढे, 'एका वर्षात पाढे न येणारी पोरं कॅल्क्युलस करतात ही शुद्ध थाप आहे'. आणि शेवटचा टोला, की त्या पोरांनी कॉपी केलीच होती, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

आता कॉपीपासूनच सुरुवात करतो, कारण तिथे मी खरंच गाळलं. सिनेमात काय दाखवलंय, १९८२ साली १८ पोरं एपी कॅल्क्युलसची परीक्षा देतात (शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या लेव्हलची परीक्षा, १ ते ५ गुण, ३ किंवा जास्त म्हणजे पास), सगळी पास होतात, आणि मग परीक्षा घेणारी संस्था १४ जणांवर संशय घेते, परत बसा म्हणते. एस्कालान्ते सर चिडतात, की हीच पोरं पैसेवाल्या वस्तीतली असती तर विचारलं असतं का? आपण बघणारे पण चिडतो. मीही चिडलो आणि तसंच लिहून टाकलं.

पण 'जे मॅथ्यूज' नावाच्या पत्रकाराने एस्कालान्तेंवर पुस्तक लिहिलंय, त्याने त्यातल्या १० जणांच्या लेखी परवानगीने त्यांचे पेपर बघितले. नऊ जणांनी सहाव्या प्रश्नात अगदी सारखीच येडपट चूक केलेली. दोघांनी त्याला सांगितलं सुद्धा की उत्तराचा एक कागद वर्गात फिरला होता. म्हणजे मॅडम तुमचं बरोबर आहे. फक्त तुम्ही जिथे थांबलात तिथे गोष्ट संपत नाही. १४ पैकी १२ जण पुन्हा परीक्षेला बसले, त्यात हे नऊच्या नऊ होते, आणि बारा जण पास झाले, बहुतेकांना ४ नाहीतर ५. मॅथ्यूजचं म्हणणं असं की कॉपी केली खरी, पण यांना तिची गरजच नव्हती, येत होतं सगळं.

हे वाचल्यापासून मला तो कागदच दिसतोय. येत असून कॉपी का करतो पोरगा? तुम्ही बोर्डाच्या केंद्रावर सुपरव्हिजन केली असेल तर माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, की शेजारच्याचा पेपर बघणारा दरवेळी ढ नसतो, त्याचा स्वतःच्या उत्तरावर विश्वास नसतो. लहानपणापासून 'तुझ्याच्याने होणार नाही' ऐकलेल्या पोराला स्वतःचं बरोबर उत्तर सुद्धा चोरल्यासारखं वाटत असेल, आणि बाजूच्याचं चूक उत्तर खरं. सिनेमाने हे दाखवलं असतं तर किती मोठा झाला असता! पण त्यांना पोरं धुतल्या तांदळासारखी हवी होती, आणि मला पण.

आता 'एका वर्षात'. सिनेमात एक नाही, दोन वर्षं आहेत, पण हा वाद मी घालणार नाही कारण खरा हिशोब बघितला तर दोन वर्षं ही पण थापच आहे. एस्कालान्ते गारफिल्डमध्ये आले १९७४ ला. कॅल्क्युलसचा पहिला वर्ग १९७८-७९ चा, परीक्षेपर्यंत टिकली ५ पोरं, पास झाली २. दोन! आपल्याकडे असा निकाल लागला असता तर केंद्रप्रमुखांनी दुसऱ्या दिवशी खुलासा मागितला असता. आणि १९८२ च्या त्या १८ जणांपर्यंत यायला या माणसाला आठ वर्षं लागली. पाढे आणि अपूर्णांक न येणाऱ्या पोराला एका वर्षात कॅल्क्युलस शिकवलं असं कधीच झालं नाही, हे स्वतः एस्कालान्तेंचंच सांगणं होतं.

या आठ वर्षांत त्यांनी काय केलं ते पडद्यावर फार थोडं येतं, कारण ते बघायला कंटाळवाणं आहे. ज्या खालच्या इयत्तांच्या शाळांतून पोरं गारफिल्डला यायची तिथे आधी बीजगणित शिकवलं जाईल असं बघितलं, उन्हाळ्याच्या सुट्टीत ईस्ट लॉस एंजलिस कॉलेजमध्ये वर्ग चालवले, शाळेच्या आधी, नंतर, शनिवारी. आणि ते एकटे नव्हते. बेन हिमेनेझ नावाचे दुसरे गणिताचे शिक्षक खांद्याला खांदा लावून होते, आणि वर हेन्री ग्राडिलास नावाचे मुख्याध्यापक, ज्यांनी यांच्या पाठीवर हात ठेवला. १९८७ साली ७३ पोरं कॅल्क्युलसची साधी परीक्षा पास झाली आणि आणखी १२ जण त्याच्या वरची. मग ग्राडिलास गेले, पुढे एस्कालान्तेंचं गणित विभागाचं प्रमुखपद गेलं, वर्गात पन्नासच्या वर पोरं बसवतात म्हणून शिक्षक संघटना नाराज होती (करारात मर्यादा ३५ ची), १९९१ ला ते सोडून सॅक्रामेंटोला गेले, हिमेनेझही गेले, आणि थोड्याच वर्षांत पास होणाऱ्यांचा आकडा धाडकन खाली आला. म्हणजे माझं ते वाक्य खरं असतं तर शाळा एकदा बदलली ती बदलली, असं व्हायला पाहिजे होतं ना.

आणि मॅडम, हे मला माहीत असायला हवं होतं, सिनेमातून नाही, घरच्या अनुभवातून. मी आठवी ड. आमच्या शाळेत मार्कांवरून तुकड्या पाडायचे, अ म्हणजे डॉक्टर-इंजिनियर आणि ड म्हणजे गणिताच्या तासाला पीटी. ('दहावी फ' ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, अतुल कुलकर्णी सर झालेला तो.) आठवीत एक सर आले, शनिवारची सकाळची शाळा सुटली की ड वाल्या दहा-बारा जणांना थांबवून घ्यायचे, घरून आणलेल्या शेंगा वाटायचे आणि पाढे म्हणवून घ्यायचे. नवाचा पाढा बोटांवर कसा काढायचा ते त्यांनी शिकवलं, दहा बोटं पसरायची, नऊ चोक काढायचं तर चौथं बोट मिटायचं, अलीकडे तीन पलीकडे सहा, छत्तीस. सिनेमात एस्कालान्ते एका टग्या पोराला नेमकं हेच दाखवतात, आणि मी सोफ्यावर उठून बसलो, बायको म्हणाली काय झालं. मूळ पोस्ट मी त्याच रात्री लिहिली, डोळ्यात पाणी आणून.

पण त्या सरांची वर्षभरात बदली झाली हे मी पोस्टमध्ये लिहिलं नाही. नववीत परत पीटी. आमच्यातले निम्मे दहावीला गणितातच अडकले. मी निसटलो कारण माझा मामा रोज संध्याकाळी घेऊन बसायचा, म्हणजे माझ्याकडे पण एक हिमेनेझ होता म्हणा. बाकीच्यांकडे नव्हता.

तरी एका गोष्टीवर मी मागे हटणार नाही. तुम्ही म्हणता हे सिनेमे दाखवायलाच नकोत. का? तो सीन आठवा, एस्कालान्ते पोरांना सांगतात की शून्याची कल्पना ग्रीकांना सुचली नाही, रोमनांना सुचली नाही, तुमच्या पूर्वजांना, मेक्सिकोकडच्या प्राचीन माया लोकांना सुचली. (इथे आपल्या प्रत्येकाच्या तोंडावर 'अहो, शून्य आमचं' येतं, माझ्याही आलं, पण मायांनी ते स्वतंत्रपणे शोधलं होतं, तेव्हा जरा दमाने.) गणित हे दुसऱ्या कुणाच्या तरी बापाचं आहे असं वाटणाऱ्या पोरांना ते तुमच्या घरातलं आहे असं सांगणं, ते पण स्वयंपाक्याचा एप्रन घालून सुऱ्याने सफरचंदं कापत, यात मला खोटं काही दिसत नाही. हे दोन मिनिटांत दाखवता येतं, आठ वर्षं दाखवता येत नाहीत, एवढाच सिनेमाचा दोष. माझा दोष जास्त, मला लिहायला जागेची अडचण नव्हती.

तर मूळ पोस्टमधलं ते वाक्य मी खोडलंय, पुसलेलं नाही, रेघ मारून ठेवलंय म्हणजे लोकांना दिसेल, आणि खाली ग्राडिलास आणि हिमेनेझ यांची नावं घातलीत. सरपंच परत विचारायला आले तर त्यांना ७८-७९ सालचा निकाल सांगा, पाचातले दोन, आणि विचारा आमच्यामागे आठ वर्षं उभे राहता का.

तुमच्या प्रतिक्रियेत तो चौथीतला पोरगा होता, दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो आणि परत येतो तेव्हा हातच्याची वजाबाकी विसरलेला असतो, दरवर्षी. कारखान्यांचा हंगाम आता संपत आलाय. आला का तो?