बोली १९१७ साली उगवली नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जुन्या चिनी साहित्यातल्या बोलभाषेच्या शब्दांवर मी लिहिलेल्या लेखाला तुम्ही सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत. दोन ओळींत त्याची बोळवण करणं योग्य नव्हे, म्हणून वेगळं लिहिते आहे.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. १९१७पर्यंत चीनमध्ये लिहायची भाषा एकच, ती म्हणजे वन्यान, अभिजात चिनी. बोलभाषा साहित्यात आणली ती हू शी या लेखक-विचारवंताने आणि त्यांच्या सोबत्यांनी, १९१७च्या साहित्यसुधारणेच्या चळवळीत. आपल्याकडे १२९० साली ज्ञानेश्वरी झाली, त्यांना मात्र विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली. दुसरं, चिनी अक्षरांवरून उच्चार कळत नाही; मग हजार वर्षांपूर्वीचा एखादा शब्द 'बोलीतला' आहे हे ठरवायचं कशावरून? आणि तिसरं, जे सापडतं ते भिक्षूंचं आणि कथेकऱ्यांचं किरकोळ लेखन, त्याला साहित्य का म्हणावं? म्हणून 'त्याआधी बोलीला लेखनात स्थान नव्हतं' असं वाक्य लेखात घालावं, ही तुमची सूचना.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करते, कारण त्यातच खरी मेख आहे.

पाचव्या शतकात ल्यू यिछिंग या राजपुत्राच्या नावावर 'शीशुओ शिनयू' हा किश्शांचा संग्रह तयार झाला. त्यात वांग यान नावाच्या सरदाराची गोष्ट आहे. बायको पैशाची लोभी, आणि हा इतका सोवळा की 'पैसा' हा शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही. एका रात्री बायकोने दासीकरवी त्याच्या पलंगाभोवती नाण्यांचा वेढाच घातला, पाय टाकायला जागा ठेवली नाही. सकाळी उठून त्याने पाहिलं आणि दासीला हाक मारून म्हणाला, "हे 'आदू' उचल इथून." पुढच्या पिढ्यांना 'आदू' हा शब्द कळेना. त्यांनी गोष्टीवरून अंदाज बांधला की आदू म्हणजे पैसा, आणि त्या अर्थाने तो वापरायलाही सुरुवात केली.

त्याच संग्रहात चित्रकार गू कायझी याचीही आठवण आहे. माणसाचं चित्र पुरं केलं तरी बुबुळं मात्र तो कित्येक वर्षं काढत नसे. कारण विचारल्यावर म्हणाला, "हातपाय देखणे की बेढब याला महत्त्व नाही, माणसात जीव येतो तो 'आदू'मध्ये." इथे तर तो डोळ्यांबद्दल बोलतो आहे. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की उलगडा होतो : आदू म्हणजे पैसा नव्हे आणि डोळाही नव्हे, तर समोर दिसणारं 'हे'. त्या काळातलं बोलण्यातलं दर्शक सर्वनाम. बाराव्या शतकात होंग माय या विद्वानाने नेमकं हेच लिहून ठेवलं आहे. तो म्हणतो की 'आदू' आणि 'निंगशिन' हे त्या जुन्या काळच्या लोकांच्या बोलण्यातले साधे शब्द. लोकांनी एकाचा अर्थ पैसा केला आणि दुसऱ्याचा 'गुणी मूल', आणि दोन्ही चूक. तेव्हा संदर्भ ताडून बोलीचा शब्द ओळखायची ही रीत आजच्या विद्यापीठांनी कल्पनेने उभारलेली नाही. चिनी अभ्यासक आठशे वर्षांपूर्वी हेच काम करत होते.

आता उच्चार. तुम्ही म्हणता तसं अक्षर ध्वनी सांगत नाही, पण लिहिणारे अडतात तेव्हा मात्र सांगतं. आजच्या मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, 'काय' याला 'शेन्मा' म्हणतात. तांग काळापासूनच्या (सातवं ते दहावं शतक) हस्तलिखितांत हा शब्द किती वेगवेगळ्या अक्षरांनी लिहिलाय पाहा. कुणी 'असणे' आणि 'वस्तू' यांची अक्षरं जोडतो, कुणी 'वस्तू'च्या जागी 'नको' या अर्थाचं, कुणी आणखी तिसरंच. अर्थाने या जोड्यांचा एकमेकींशी मेळ नाही, ध्वनीने मात्र सगळ्या जवळजवळच्या आहेत. लेखक कानाने ऐकलेला शब्द पकडायला धडपडत होते, त्याला ठरलेलं अक्षर नव्हतं, म्हणून हा गोंधळ. अभिजात भाषेतल्या शब्दाच्या वाट्याला असा गोंधळ येत नाही. त्याचं अक्षर शाळेत घोटून घेतलेलं असतं. 'हे' या अर्थाचा आजचा शब्दही असाच. त्याला जे अक्षर मिळालं त्याचा मूळ अर्थ होता 'सामोरं जाणं' आणि वाचनही वेगळं होतं.

'तू' या अर्थाचा 'नी' घ्या. अभिजात भाषेत त्यासाठी एक जुनं अक्षर होतं. पुढे पोथी वाचताना त्या अक्षराचा उच्चार 'अर्'कडे सरकला, लोकांच्या तोंडी मात्र जुना 'नी' टिकला. मग त्या बोलण्यातल्या शब्दासाठी 'माणूस' हे चिन्ह जोडून वेगळं अक्षर करावं लागलं. म्हणजे इथे तर उलटंच झालं, बोलीने जुना ध्वनी सांभाळला आणि ग्रंथवाचनाने सोडला.

शिवाय बाहेरच्या लिपींचा पुरावा आहे. वायव्य चीनमधल्या तुनह्वांगच्या गुहेत तिबेटी लिपीत लिहिलेले चिनी मजकूर सापडले. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं पुस्तक आहे 'लाओ छीदा', कोरियन व्यापाऱ्यांना आणि दुभाष्यांना चिनी बोलायला शिकवणारं, चौदाव्या शतकातलं. घोडे विकायला पेकिंगला निघालेले कोरियन लोक वाटेत एका चिनी माणसाला भेटतात आणि पुढे घासाघीस, मुक्काम, जेवण, दुखणीखुपणी असं सगळं संवादांत येतं. पंधराव्या शतकाच्या शेवटी एका चिनी पाहुण्याने हे पुस्तक वाचलं आणि म्हणाला, ही तर युआन, म्हणजे मंगोल राजवटीतली बोली, आज कुणी असं बोलत नाही. कोरियाच्या राजदरबाराने पुस्तक दुरुस्त करायला लावलं. अठराव्या शतकात ते पुन्हा दोनदा सुधारलं गेलं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला छ्वे सेजिन या कोरियन विद्वानाने तर प्रत्येक चिनी अक्षराखाली हंगुल या कोरियन लिपीत दोन-दोन उच्चार लिहून ठेवले. तेच संवाद, चार शतकांत अनेकदा बदललेले, आणि सोबत उच्चार. यापलीकडे आणखी कोणता पुरावा मागायचा?

आता 'किरकोळ लेखन'. हा शब्द मला खरोखर लागला, कारण बोलीचे शब्द अगदी मानाच्या ग्रंथांत आहेत. सीमा छ्यान हा चिनी इतिहासलेखनाचा आद्य पुरुष. चेन शे हा मजूर बंड करून राजा झाला तेव्हा त्याच्या शेतावरचा जुना सोबती राजवाड्यात आला आणि तो थाट बघून ओरडला, "हुओ यी! राजा झालास की रे शे, केवढा हा पसारा!" सीमा छ्यान ते उद्गार जसेच्या तसे ठेवतो आणि लगेच सांगतो की छू प्रांतातले लोक 'पुष्कळ'ला 'हुओ' म्हणतात. (त्या सोबत्याने राजाचे जुने दिवस चारचौघांत सांगायला सुरुवात केली तेव्हा राजाने त्याचं डोकं उडवलं. तो उद्गार मात्र दोन हजार वर्षं राहिला.)

'वन्श्वान' हा सहाव्या शतकातला संग्रह म्हणजे अभिजात गद्यपद्याचा मानदंड. पुढची कित्येक शतकं विद्यार्थ्यांनी तो पाठ केला. त्यात रन फांग या अधिकाऱ्याने ल्यू झंग नावाच्या माणसावर केलेलं आरोपपत्र आहे. या ल्यू झंगने विधवा भावजयीचे नोकर, धान्य बळकावलं, पुतण्याला मारलं. आरोपपत्राची सुरुवात आणि शेवट घोटीव, समतोल वाक्यांत आहे, आणि मध्ये थेट जबानी : "माझ्या लेकराला का मारता?" दार, पडदा, कुणी कुणाचा हात ओरबाडला, सगळं घरातल्या भांडणाच्या भाषेत. सातव्या शतकातला टीकाकार ली शान लिहितो की संग्राहकाने जबानीचा भाग बराच गाळला होता, म्हणून मी तो सविस्तर देतो. एकाने कापलं, दुसऱ्याने परत जोडलं, ते एकाच ग्रंथाच्या पानावर. बोली कागदावर का उतरली याचं उत्तर मला इथे दिसतं. 'ती नेमकं काय म्हणाली' हे जिथे महत्त्वाचं होतं, तिथे वन्यानमध्ये केलेला अनुवाद चालत नव्हता.

भिक्षूंचंही तेच. ९५२ साली छ्वानझोऊच्या मठात दोन भिक्षूंनी 'छान' (जपानीत 'झेन') या बौद्ध पंथाच्या गुरूंच्या संवादांचा ग्रंथ जुळवला, 'त्सूतांगजी'. चीनमधून तो नाहीसा झाला. कोरियातल्या हेइन्सा मठात १२४५च्या लाकडी ठशांवर तो टिकून राहिला म्हणून आज आपल्या हाती आहे. त्यात गुरू शिष्याला विचारतो, "त्सोमोशंग?", म्हणजे 'कसं काय?'. जपानी झेन मठांतल्या प्रश्नोत्तरांत हा शब्द 'सोमोसान' म्हणून अजून ऐकू येतो. पुढे याच पंथाच्या गुरूंचा १००४चा जो मोठा ग्रंथ दरबारात सादर झाला, त्याची भाषा यांग यीसारख्या विद्वानांनी घासूनपुसून घेतली. ज्ञानाची परंपरा तीच, पण कानाला जे ऐकू येतं ते जुन्या ग्रंथातच.

आणि झू शी, बाराव्या शतकातले थोर कन्फ्यूशियन तत्त्वज्ञ? प्राचीन ग्रंथांवरच्या त्यांच्या टीकांवर चौदाव्या शतकापासून सरकारी परीक्षा उभ्या राहिल्या. त्या टीका वन्यानमध्ये आहेत. पण वर्गात ते बोलले ते जवळजवळ शंभर शिष्यांनी टिपून घेतलं आणि १२७० साली त्याचे १४० खंड एकत्र झाले. तिथे झू शी 'शेन्मा' म्हणतात, 'हे असं' साठी बोलण्यातला 'नन्दी' वापरतात, एखादं वाक्य अर्ध्यावर सोडून पुन्हा सुरू करतात. ज्ञानेश्वरीचं साल तुम्ही काढलंत म्हणून सांगते, तेव्हा या ग्रंथाला वीस वर्षं झाली होती. ज्ञानेश्वरीची थोरवी याने तसूभरही कमी होत नाही. ती काव्य आहे, ही टिपणं आहेत. पण 'त्यांच्याकडे नव्हतं' हे म्हणता येत नाही.

राहिलं १९१७. सरकारी कागद आणि बहुतेक पत्रव्यवहार तोवर वन्यानमध्ये होता, आणि तो एकाधिकार हू शी यांच्या पिढीने मोडला, हे मला पूर्ण मान्य आहे. १९२० साली प्राथमिक शाळांची पुस्तकं बोलभाषेत करायचा आदेश निघाला, ही लहानसहान गोष्ट नाही. पण ही बोली आपण निर्माण केली असा दावा हू शी यांनीच केला नाही. १९२८ साली त्यांनी बोलभाषेतल्या साहित्याचा इतिहास लिहिला. पहिला खंडच निघाला, पुढचे आले नाहीत. तो सुरू होतो दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान काळापासून आणि तांग काळापर्यंत येऊनच संपतो. आपल्या चळवळीला पूर्वज आहेत हे त्यांना दाखवायचं होतं.

तेव्हा १९१७मध्ये काय बदललं यावर स्वतंत्र लेख लिहायला मला नक्की आवडेल, आणि त्यावर तुमचं मत हवंच आहे. तुम्ही सुचवलेलं वाक्य मात्र मी मूळ लेखात घालत नाही.