टॉवेलच्या कारखान्याला ट्रेनिंग कशाला? कारण सांगतो

सोलापुरातल्या कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. थोडक्यात असा: ‘मॅनेजरना ऑपरेशन्स मॅनेजमेंट (म्हणजे माल, मशीन, माणसं आणि वेळ यांचं नियोजन) शिकवणं म्हणजे पैशाची नासाडी. ते जपानी मोटार कंपन्यांचं खूळ आहे. कारखाना अनुभवावर चालतो. शिकवलेला माणूस सोडून जातो. आणि आपलं खरं दुखणं म्हणजे सुताचा भाव, वीज आणि उधारी.’ अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत या मजकुरावर माना डोलावणारे बरेच भेटले, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

मोटार कंपन्यांचं खूळ? टोयोटाची सुरुवातच मागापासून झाली. साकिची टोयोडा हे मागांचे संशोधक. त्यांचा १९२४ सालचा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, त्यामुळे खराब कापड पुढे विणलं जात नसे आणि एका कामगाराला अनेक माग सांभाळता येत. १९२९ साली त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी घेतले. मोटार कंपनी स्थापन झाली ती १९३७ साली. टोयोटाच्या उत्पादनपद्धतीचे शिल्पकार ताइइची ओनो हेसुद्धा आधी टोयोडांच्या सूत-कापड गिरणीत नोकरीला होते. दोष दिसला की तिथेच थांबायचं, ही त्या पद्धतीची मुख्य शिकवण धाग्यापाशीच जन्मली. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादर विणणाऱ्या गावाने तिला परकी म्हणावं, हे मला पटत नाही.

आता अनुभवाचा मुद्दा. तो मी सगळ्यात गंभीरपणे घेतो, कारण त्यात निम्मं खरं आहे. मागाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारे जॉबर (माग लावणारे-दुरुस्त करणारे कारागीर) आपल्याकडे आहेत आणि ते ज्ञान कुठलाच वर्ग देऊ शकत नाही. पण अख्ख्या कारखान्यातून माल कसा वाहतो, हे एका मागापाशी उभं राहून दिसत नाही. ते मोजावं लागतं. समजा, मागावरून उतरलेले आणि कटिंग, शिलाई, चेकिंग, पॅकिंग यांच्या मध्ये पडलेले टॉवेल १२,००० आहेत आणि रोज १,५०० बाहेर जातात. म्हणजे आज उतरलेला टॉवेल सरासरी ८ दिवसांनी गाडीत चढणार. त्यावर प्रत्यक्ष काम होतं काही मिनिटं, बाकी सगळा वेळ तो गठ्ठ्यात पडून असतो. रोजचा माल तेवढाच ठेवून मधला साठा ६,००० वर आणला, तर तोच टॉवेल ४ दिवसांत जातो. नवं मशीन नको, जादा माणूस नको. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला हा नियम म्हणजे मधला साठा भागिले रोज बाहेर जाणारा माल, आठवीच्या मुलालाही करता येईल असा भागाकार आहे.

अनुभव कधीकधी उलटंही शिकवतो. ‘प्रत्येक मशीन, प्रत्येक माणूस सतत कामात हवा’ हे आपण घोकत आलोय. पण काम अनियमित येत असेल आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळ कमीजास्त असेल, तर रांगेचं साधं गणित वेगळंच सांगतं. मशीन ८० टक्के वेळ गुंतलेलं असताना नव्या कामाला सरासरी एका कामाच्या चौपट वेळ थांबावं लागतं. ९० टक्क्यांना नऊपट, ९५ टक्क्यांना एकोणीसपट. सणाच्या ऑर्डरी दरवर्षी का रखडतात, याचं एक उत्तर इथे आहे. वीस वर्षं रखडलेल्या ऑर्डरी पाहूनही ते आपोआप समजत नाही. कुणीतरी कागदावर मांडून दाखवावं लागतं.

पुरावा मागणाऱ्यांसाठी आपल्याच धंद्यातला प्रयोग आहे. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर-उंबरगाव भागातल्या कापड विणणाऱ्या कारखान्यांवर तो केला. काही कारखान्यांना सल्लागारांनी पाच महिने जागेवर मार्गदर्शन केलं: दोषांची रोजची नोंद, मशीनची ठरलेली देखभाल, सुताच्या साठ्याचा हिशोब. २०१३ साली निष्कर्ष छापून आले. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली होती. ते कारखाने आपल्या आठ-दहा मागांच्या शेडपेक्षा बरेच मोठे होते, त्यामुळे १७ हा आकडा तसाच उचलू नये. पण घराण्यातले मालक, सुताची पोती, तुटणारे धागे हे सगळं तेच होतं.

शिकलेला माणूस सोडून जातो, हे खरंच घडतं. याच संशोधकांनी काही वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिलं, तेव्हा शिकवलेल्यांपैकी जवळपास निम्म्या पद्धती बंद पडल्या होत्या आणि मॅनेजर बदलणं हे त्याचं एक कारण होतं. दुसरं कारण होतं मालकांना वेळ नसणं. तरीही ते कारखाने मार्गदर्शन न मिळालेल्यांच्या पुढेच होते. मग यावरून न शिकवणं हा इलाज कसा ठरतो? दोषांची वही कारखान्याची असू द्या, बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला मागाचा रूळ) बदलण्याच्या पायऱ्या भिंतीवर लिहा आणि वर्गात मालकाच्या मुलालाही बसवा. तो तर कुठे जाणार नाही.

राहिला सूत, वीज, उधारीचा मुद्दा. सुताचा भाव आपल्या हातात नाही, मान्य. पण मध्ये जादा अडकलेले ते ६,००० टॉवेल म्हणजे आधीच पैसे मोजून घेतलेलं सूत, आणि बहुधा व्याजाच्या पैशांनी घेतलेलं. उधारी वसूल होईपर्यंत तग धरायचा, तर तो पैसा मोकळा करणं हाच हातातला मार्ग आहे. वीज जाणार असेल तर ती आल्यावर आधी कुठला बीम लावायचा, कुठली ऑर्डर पुढे घ्यायची, हे ठरवणं म्हणजेच ऑपरेशन्स. आणि खर्चाचं म्हणाल, तर लहान-मध्यम कारखान्यांना नासाडी कमी करायला शिकवणारी केंद्राची एमएसएमई लीन योजना मार्च २०२३ पासून नव्याने सुरू आहे. उद्यम नोंदणी असलेल्या कारखान्यांसाठी तिची बेसिक पातळी मोफत आहे आणि पुढच्या पातळ्यांवर सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं.