बॉक्सिंगचं पुस्तक काढताय? मग एवढं कराच

मागच्या बुधवारी आमच्याकडे पाण्याचा वार होता. पहाटे चारला उठून मोटार जोडून बसलो, तर नळातून नुसती हवा. झोप मोडलीच होती, म्हणून नवं कोरं पुस्तक उघडलं. जागतिक बॉक्सिंगचा इतिहास, मराठीत, पुठ्ठ्याची बांधणी, तीनशे पानं, किंमत ६५० रुपये. प्रदर्शनातल्या माणसाने न मागता दहा टक्के सोडले तेव्हाच शंका यायला हवी होती. पण बॉक्सिंगवर मराठीत काही दिसलं की माझा हात आपोआप खिशात जातो. पाणी साडेसातला आलं. तोवर पुस्तक वाचून संपलं होतं आणि बंबाआधी माझं डोकं तापलं होतं.

एक मात्र कळलं, असलं पुस्तक लिहायला फार सोपं असतं. तुमच्या मनात असेल तर आजच बसा. कृती सांगतो.

आधी प्रस्तावना. ती एखाद्या साहेबांचीच घ्या. साहेबांनी जन्मात डासाखेरीज कुणावर हात उगारला नसला तर उत्तमच. चार पानांत बॉक्सिंग हा शब्द दोनदा आला तरी पुष्कळ झालं. बाकी जागेत साहेबांचं बालपण, शाळेतली कबड्डी आणि मतदारसंघात बांधलेली व्यायामशाळा. मग लेखकाचं मनोगत, मग ऋणनिर्देश. पहिला ठोसा एकतिसाव्या पानाच्या आत पडता कामा नये.

भाषा शुद्ध ठेवा. फ्लायवेटला माशीवजन म्हणा, फेदरवेटला पिसवजन. मेरी कोमने २०१२ साली लंडनला ५१ किलोच्या गटात कांस्यपदक घेतलं, तिला कळू दे की ते माशीवजनी होतं. ‘पंच’ हा शब्द मात्र रेफ्रीलाही वापरा आणि ठोशालाही. ‘पंचाच्या पंचाकडे पंचांचे लक्ष नव्हते’ असं एखादं वाक्य जमलं की वाचक गार.

सूची देऊ नका. ज्याला हेवीवेट विजेता जो लुई शोधायचाय तो तीनशे पानं उलटेल, तेवढाच व्यायाम.

तारखेच्या जागी ‘त्या काळी’ चालतं.

नियमांच्या भानगडीत तर पडूच नका. ८ जुलै १८८९ ला मिसिसिपीत रिचबर्गला जॉन एल. सुलिव्हन आणि जेक किलरेन उघड्या मुठींनी पंचाहत्तर फेऱ्या लढले. आमच्या लेखकाने काय करावं? पंचाहत्तर गुणिले तीन, दोनशे पंचवीस मिनिटं, म्हणजे पावणेचार तासांची झुंज! गुणाकार चोख आहे. फक्त तीन मिनिटांची फेरी ही ग्लोव्हजवाल्या क्वीन्सबेरी नियमांतली, १८६७ च्या. ही लढत झाली जुन्या लंडन नियमांनी. तिथे माणूस खाली गेला की फेरी संपली, मग ती दहा सेकंदांची असो की दहा मिनिटांची. म्हणून तर पंचाहत्तर झाल्या! प्रत्यक्षात सगळं सव्वादोन तासांच्या जरा वर आटोपलं. जुलैच्या उन्हात तेही थोडं नाही, पण उन्हाचं कौतुक सोलापूरकराला कशाला सांगायचं.

आता फोटो. फोटो तोच टाका, सगळे टाकतात तो. खाली आडवा झालेला सनी लिस्टन, त्याच्यावर उभा राहून छातीपाशी हात आवळून ओरडणारा अली. आणि खाली बिनधास्त छापा: ‘१९६४, कॅशियस क्ले विश्वविजेता झाला तो क्षण.’ आमच्या पुस्तकात मुखपृष्ठावर हा फोटो आहे, आत पान ११२ वर पुन्हा आहे, आणि दोन्हीकडे १९६४.

अहो, २५ फेब्रुवारी १९६४ ला मायामी बीचवर लिस्टन पडलाच नाही! सहावी फेरी संपली, तो आपल्या कोपऱ्यात जाऊन बसला, आणि सातवीला स्टुलावरून उठला नाही. खांदा गेला म्हणाला. माणूस बसून हरला. हेवीवेटचा विजेता बसल्या जागी किताब सोडतो, ही केवढी मोठी गोष्ट, आणि तुम्ही तिच्यावर भलताच फोटो चिकटवून ती पुसून टाकता? फोटो आहे २५ मे १९६५ चा. तोवर क्ले नाव बदलून मुहम्मद अली झाला होता आणि वर्षभर किताब त्याच्याचकडे होता. गाव लुइस्टन, अमेरिकेतल्या मेन राज्यातलं. बोस्टनने हात झटकले म्हणून लढत तिकडे गेली, बर्फावरच्या हॉकीच्या हॉलमध्ये, जेमतेम अडीच हजार माणसांसमोर. लुइस्टन म्हणजे काय गाव, तर गिरण्यांचं, आणि तिथल्या मोठ्या गिरणीचं नाव कशासाठी, तर पलंगपोसांसाठी! पुस्तक सोलापुरात विकायला ठेवता आणि एवढं आयतं हातात असून सोडता?

आणि त्या रात्री झालं काय, ते कोण सांगणार? पहिल्याच फेरीत लिस्टन खाली. नियम असा, की पाडणाऱ्याने ठरलेल्या कोपऱ्यात जायचं, मगच रेफ्री मोजायला लागणार; दहा होईपर्यंत पडलेला उठला नाही तर तो हरला. अली ठरलेल्या कोपऱ्यात जायचं सोडून ‘ऊठ’ म्हणून डोक्यावर ओरडतोय. रेफ्री जर्सी जो वॉलकॉट, स्वतः माजी हेवीवेट विजेता, तो अलीला आवरण्यात गुंतलेला, मोजणीकडे लक्षच नाही. लिस्टन उठतो, दोघं परत भिडतात, आणि कडेला बसलेला बॉक्सिंगच्या मासिकाचा संपादक नॅट फ्लेशर हाका मारून वॉलकॉटला सांगतो की दहा केव्हाच होऊन गेले. लढत संपली! ठोसा खरा होता की लिस्टन मुद्दाम झोपला, यावर लोक अजून भांडतात. आता हाच कोपरा १९२७ ला शिकागोत जॅक डेम्प्सीला नडला होता. सातव्या फेरीत जीन टनी पडला, डेम्प्सी कोपऱ्यात जायला रेंगाळला, रेफ्रीने तोवर मोजणी धरली नाही, टनीला चौदाएक सेकंद मिळाली, तो उठला आणि शेवटी गुणांवर जिंकला. नियम एकच. एकदा तो पाळला म्हणून पडलेला वाचला, एकदा रेफ्रीला तो पाळून घेता आला नाही म्हणून पडलेला कायमचा संशयात सापडला. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून दाखवा ना आम्हाला. याच्यासाठी पैसे देतो आम्ही!

असो. सल्ले द्यायला बसलोय.

भारताला दोन पानं बास. हवा सिंगने १९६६ आणि १९७० अशी लागोपाठ दोन आशियाई सुवर्णं हेवीवेटला घेतली, त्याला एक ओळ. सिडनीला २००० साली गुरचरण सिंग उपांत्यपूर्व फेरीत १२-१२ अशा बरोबरीनंतर ठोशांच्या मोजणीत हरला, हातातलं पदक गेलं, त्याला शून्य ओळी. अलीला नव्वद पानं. आणि त्या नव्वदांत १९८० ला अली दिल्लीत येऊन आपल्या कौर सिंगबरोबर प्रदर्शनी लढत खेळला, हे नाही. नाहीच!

शेवटी एक प्रकरण हवंच, ‘आयुष्य हीच रिंग’. चौतीस पानं. पडलात तर उठा. गार्ड वर ठेवा. नोकरीच्या मुलाखतीलाही जॅब मारता येतो. हे आमच्या मित्राला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “काय बे, बॉक्सिंगचं आणलं का विमा एजंटचं?”

न राहवून पुस्तकात दिलेल्या नंबरवर फोन केला. फोटोचं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, “पण फोटो कसला भारी आहे बघा की. साल कोण बघतंय?”

मी बघतो. ज्याला साल बघायचं नाही तो बॉक्सिंगच्या इतिहासाचं पुस्तक विकत घेतच नाही हो. ते घेणारा माझ्यासारखाच वेडा असतो. त्याला लिस्टन कुठल्या फेरीला उठला नाही हे तोंडपाठ असतं, आणि त्याच्यापुढचं काहीतरी कळेल म्हणून तो पैसे मोजतो. मराठीत असली पुस्तकं निघतात किती? जे एक निघालं त्यात तुम्हाला एक दुपार बसून दोन तारखा ताडून बघता आल्या नाहीत? हरणाऱ्याची बाजू नाही, लढतींचा तक्ता नाही, कुठल्या फेरीत काय झालं ते नाही. साहेबांचं बालपण तेवढं आहे! लाज वाटत नाही?

माझ्या प्रतीत मी लाल पेनाने एकेचाळीस दुरुस्त्या केल्या आहेत. दुसरी आवृत्ती काढणार असाल तर घरी येऊन प्रत घेऊन जा. येताना पाचशे पंच्याऐंशी रुपये आणा. आणि पाण्याच्या दिवशी येऊ नका.