पांझरेतला कचरा काढून झाला असेल तर पाण्याचं बोलू

पावसाळा तोंडावर आला की आपल्या धुळ्याच्या पांझरा नदीच्या पात्रात हातमोजे घालून फोटो काढायचा हंगाम येतो. लोकसहभाग! कचरा निघतो, चांगलंच आहे. पण प्लास्टिक उचलायला कुणाची हरकत असते? पाणी कमी पडलं की कळतं कोण सोबत आहे ते.

आपल्याच नदीवर फड पद्धत, म्हणजे गावानं मिळून पाणी वाटायची रीत, तीनेकशे वर्षं चालली. बंधाऱ्याखालचं रान तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटलेलं, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. बारं, म्हणजे पिकाला पाणी, द्यायचं ते पाटकऱ्यानं. शेताचा मालक कितीही मोठा असो, त्यानं पाण्याला हात लावायचा नाही. पाटकऱ्यावर हवालदार, राखणीला जागल्या, वर पंच. पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी यायचं. नदी आटली की यंदा कोणता फड कोरडा ठेवायचा ते पंच ठरवणार. बहुतेकांची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली, त्यामुळे झळ एकट्यादुकट्याला बसायची नाही. सगळं गोडीगुलाबीचं होतं असं नाही. ज्याला जमीनच नाही, त्याच्या वाट्याला यात कसलं पाणी?

पुढे विहिरींवर मोटारी बसल्या, वर धरणं झाली, फड मोडत गेले. 2005 च्या कायद्यानं शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. कायदा चांगला, पण संस्थेची हद्द कालव्याखालच्या रानापुरती. अख्ख्या नदीचं कोण बघणार? साक्रीच्या डोंगरपट्ट्यात बारीपाडा गावानं जंगल राखलं, त्यात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली, आपण हार घातले. पाणीवाटपाच्या बैठकीत मात्र डोंगरातल्या पाड्यांना खुर्ची नसते. मधे धुळे शहर पाणी उचलतं, सांडपाणी सोडतं. त्याखाली थेट मुडावदच्या तापी संगमापर्यंत गावं अक्कलपाडा धरणातून सुटणाऱ्या आवर्तनाकडे डोळे लावून.

माझं म्हणणं एवढंच, की वरचे पाडे, शहर आणि खालची गावं यांची एकच समिती हवी आणि तिला नुसता सल्ला द्यायचा नाही, तर तुटीच्या वर्षी कुणाचं किती कापायचं हे ठरवायचा अधिकार हवा. काठच्या विहिरींचा उपसाही तिच्या हिशेबात आला पाहिजे, नाहीतर कालव्याचं पाणी मोजून काय उपयोग?

आणि वाळू. वाळू गेली की पात्रात पाणी धरून ठेवायला काही उरत नाही, हे काठच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. हा विषय निघाला की बैठका मोडतात, म्हणूनच पहिल्या बैठकीत पहिला हाच घ्या. कोण कोण उठून जातं ते तरी सगळ्यांना दिसेल.