अंगठा

माझ्या डाव्या मोज्याला भोक आहे, ही बातमी सांगलीपासून शिकागोपर्यंत सगळ्या नातेवाइकांना पोचली आहे. फोटो बायकोने टाकला. कालपासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलतोय.

आई पहिल्यांदाच तोक्योला आलीय, म्हणून जानेवारीतल्या रविवारी निक्को. असाकुसाहून रेल्वेने दोनेक तास. रविवारी माणसाने पांघरुणात पडून राहावं असं माझं मत आहे, पण मला विचारतो कोण! तिथलं तोशोगू म्हणजे तोकुगावा इएयासूचं, म्हणजे जपानच्या एका जुन्या शोगुनचं (लष्करी सत्ताधीशाचं) देवस्थान, १६१७ सालचं. नातवाने १६३६ मध्ये थाटात पुन्हा बांधलेलं. तबेल्यावरची तीन माकडं बघून आई म्हणाली, "अगंबाई, गांधीजींची माकडं इथं कशी?"

इथवर ठीक होतं. मग छतावर ड्रॅगन रंगवलेल्या त्या देवळात बूट काढायला लावले. फरशी अशी गार, की पाय आपले आहेत की उसने आणलेत ते कळेना. आणि मोज्यातून अंगठा बाहेर, बिळातून उंदराने डोकवावं तसा.

शेजारी एक जपानी आजी होत्या, ऐंशीच्या आसपास. त्यांनी अंगठा पाहिला. "आरा, आरा!" मग पिशवी उघडली. पिशवीतून रुमाल, संत्रं, छत्री, आणखी एक रुमाल आणि शेवटी कायरो निघाला. लोखंडाच्या भुकटीची ती चपटी पुडी, हवा लागली की तापते. चिकटवायची जात.

"सामुइ ने," आजी म्हणाल्या. थंडी आहे ना.

"हो ना!" आई म्हणाली. "सांगून सांगून दमले. नखं कापायचा कंटाळा लहानपणापासून."

आजींनी मान डोलावली. आईला जपानीतलं 'ज' येत नाही, आजींना मराठीतलं 'म' येत नाही. माझ्या नखांवर मात्र एकमत. पुडी आईच्या हातात गेली. आईने वाकून माझा पाय उचलला. मी एक्केचाळीस वर्षांचा, हाताखाली नऊ माणसं, एका पायावर बगळ्यासारखा उभा. आणि आई मोज्यावर पुडी थापतेय, भाकरी थापावी तशी.

तेवढ्यात पुजाऱ्याने ड्रॅगनच्या डोक्याखाली लाकडी ठोकळे वाजवले. वरून म्हणे घंटेसारखी किणकिण होते, तेच ड्रॅगनचं रडणं. सगळ्यांनी वर पाहिलं. या दोघींनी नाही. मीही नाही, तोल जात होता. एवढं तिकीट काढून ड्रॅगन रडला, तो मला ऐकूच आला नाही. बायकोने मात्र नेमका तेव्हाच फोटो काढला.

पुढे इएयासूच्या समाधीला २०७ पायऱ्या. घरी दुसऱ्या मजल्यावर चढताना आईचे गुडघे बोलतात. इथे ती आजींचा हात धरून माझ्या पुढे. मी मागून, एक पाय भट्टीत, एक बर्फात.

परतताना बायकोला सांगून पाहिलं, की योमेइमोन दरवाज्याचा एक खांब मुद्दाम उलट्या नक्षीचा ठेवलाय. काम पुरं झालं की पडझड सुरू होते, म्हणून. माझ्या मोज्याचंही तसंच.

"तुझे दहाही मोजे तसेच आहेत," ती म्हणाली.

घरी कायरो ओढला, तर मोज्याचा उरलेला तळवाही त्याच्याबरोबर निघून आला. कचऱ्यात टाकणार, तोच आई म्हणाली, "थांब, फोटो काढू दे. ग्रुपवर सगळे पुढे काय झालं विचारतायत."