सी ची ओरल आहे? मानक घरी ठेवून जा

विद्यार्थी मित्रांनो, सी या प्रोग्रामिंग भाषेची प्रॅक्टिकल तोंडावर आली असेल तर चार युक्तीच्या गोष्टी ऐकून घ्या. माझी गेल्या आठवड्यात नांदेडला झाली, म्हणून सांगायलोय.

डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम चालवायचं साधन) टर्बो सी हा जुना कंपायलर, म्हणजे सी चा कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, उघडा. ती निळी खिडकी म्हणजेच सी. 1989 चं अन्सी मानक, म्हणजे सी चे अधिकृत नियम, मग 1999, 2011... ते लोक उगाच कागद रंगवायलेत.

व्हॉइड मेनच लिहा. मानकातलं इंट मेन लिहिलं की शहाणा समजतात.

इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, किती बाइटचा? दोन. मशीन 64 बिटचं असलं तरी दोनच.

गेट्स, म्हणजे लांबी न बघता ओळ वाचणारं फंक्शन, बिनधास्त वापरा. 1988 चा मॉरिस वर्म (इंटरनेटवर पसरलेला घातक प्रोग्राम) त्याच भोकातून शिरला, 2011 च्या मानकानं त्याला हाकललं, पण आपल्या जर्नलमध्ये ते आहे आणि जर्नलवर सही आहे.

आता मार्कांचं. आय हे व्हेरिएबल बरोबर 5, प्रिंटएफ या छापणाऱ्या फंक्शनमध्ये ओळीनं आय, आय++ (वापरून मग एकानं वाढव), ++आय (वाढवून मग वापर). मी म्हणालो, "सर, हे अनडिफाइन्ड आहे, मानकानं उत्तर ठरवलेलंच नाही."

"आउटपुट सांग म्हणलं."

"सर, कंपायलरवर आहे."

"अभ्यास नसेल तर तसं सांग."

सरांच्या वहीत 7 6 6 होतं. टर्बो आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला दिलेल्या किमती, उजवीकडून घेतो, म्हणून ते येतं. माझ्या लॅपटॉपवर जीसीसी हा कंपायलर 7 6 7 देतो, क्लँग हा दुसरा 5 5 7. तिघंही बरोबर! मधल्या स्वल्पविरामानं क्रम ठरत नाही, आणि सीक्वेन्स पॉइंट (आधीचे बदल पूर्ण झालेच पाहिजेत अशी जागा) मध्ये नसताना एकच व्हेरिएबल दोनदा बदललं की मानक कंपायलरला पूर्ण मोकळं सोडतं. जीसीसीला ‘-वॉल’ हा इशारे दाखवायचा पर्याय दिला तर तो स्वतःच बोंबलतो. पण वही बोंबलत नाही ना.

हेच पाठ केलेलं पोरगं उद्या पुण्यात नोकरीला लागतं, ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा मर्यादेबाहेर जाणं, पकडायला ‘एक्स + 1 < एक्स’ अशी अट लिहितं. साइन्ड (ऋण-धन दोन्ही ठेवणाऱ्या) इंटचा ओव्हरफ्लो अनडिफाइन्ड, म्हणून कोड वेगवान करायच्या ‘-ओ2’ पर्यायाला जीसीसी ती अटच उडवतो. मग "माझ्याकडं तर चालत होतं".

सर, आता सरळच बोलतो. हिंगोली-परभणीची पोरं इथं खोली करून राहायलेत, घरच्यांनी सोयाबीन विकून फी भरली. जीसीसी फुकट आहे. तुम्हाला अडचण नाही, आळस आहे. वर्षानुवर्षं तीच वही, आणि बरोबर सांगणाऱ्यालाच झापायचं? पुढच्या बॅचला विचारायच्या आधी तो प्रोग्राम दोन कंपायलरवर चालवा. आणि माझे कापलेले मार्क परत द्या.